कवळीच्या खोलीतली मोटार

मोटार स्वस्त होती, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. सव्वीस वर्षांपूर्वी तिच्यात फक्त हॉटेलमालक आणि त्यांचे वकील बसायचे. आता ती नव्या स्कूटरच्या भावात मिळाली. अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, लोण्यासारखं मऊ चामडं, मागच्या सीटवर तर पाय पसरून झोपावं एवढी ऐसपैस जागा. दादाने ती घरी आणली तेव्हा वहिनी एवढंच म्हणाली, "चार आण्यांची कोंबडी आलीय. आता बारा आण्यांच्या मसाल्याचं बघा."

मसाला वाटला गेला तो दादाच्या धाकट्या बहिणीच्या खोलीत.

बहीण कवळ्या बनवायची. घराच्या तळमजल्याला शटरची एक खोली होती. तिथे तिचं टेबल, मेण वितळवायचा दिवा, पॉलिशचं यंत्र आणि कवळीचे साचे उकळायचं मोठं पातेलं. दातांच्या डॉक्टरीणबाई तोंडाची मापं पाठवायच्या, ही त्यावर दात बसवून परत पाठवायची. सगळं काम त्या एका बाईंकडून यायचं.

"पंधराच दिवस गं," दादा म्हणाला होता, "बाहेर उन्हात चामडं तडकतं." पंधरा दिवसांचे पाच महिने झाले. बहीण आधी कोपऱ्यात सरकली, मग कोपराच सरकला. आता ती टेबलाशी बसली की बंपर तिच्या पाठीला टेकायचा, आणि दाराकडे जायचं तर आधी मोटारीचा आरसा मिटवावा लागायचा.

मोटार अधूनमधून चालायची. एक दुरुस्त केलं की दुसरं रुसायचं. मिस्त्रीने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "साहेब, गाडी म्हातारी झाली की स्वस्त होते. पार्ट नाही होत. गाडी म्हातारी झाली हे पार्टांना कुणी कळवतच नाही."

चूक बहिणीचीही होती. दुसऱ्या महिन्यात खिडकीची काच वरखाली करणारं प्लास्टिकचं चाक तुटलं. नवं चाक सुटं मिळेना, अख्खी यंत्रणाच घ्या म्हणाले. दादा ते तुकडे घेऊन आला. "दातेच आहेत ना याला? मग तुझंच खातं." तिला हसू आलं. हसता हसता तिने कवळीच्याच मसाल्यात ते चाक ओतून दिलं. हिरड्यांसारखं गुलाबी, आणि पहिल्या झटक्यात फिट्ट. आयुष्यात इतकी सुबक चूक तिने दुसरी केली नव्हती.

मग कप्प्याची बिजागरी आली, छताच्या खिडकीचा खटका आला. अर्ध्या मोटारीची आतडी गुलाबी झाली. रविवारी जुन्या मोटारींचे शौकीन जमायचे, त्यांना दादा सांगायचा, "घरचीच फॅक्टरी आहे आपली! तुमचं काय तुटलंय बोला." आयजीच्या जिवावर बायजी उदार. शौकिनांची तुटकी चाकं टेबलावर आणि माणसांच्या कवळ्या खाली, असं होऊ लागलं. दोनदा कामाला उशीर झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिसऱ्यांदा झाला तर मोठ्या लॅबला देईन. मला वाईट वाटेल, पण देईन."

आजचं काम चुकलं तर ती तिसरी वेळ. कवायतसरांची पूर्ण कवळी, पाचच्या ठोक्याला. कवायतसर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. दादाचा कान त्यांनी पाच वर्षं नेमाने पिळला होता. पाच आठवड्यांपूर्वी त्यांचे उरलेसुरले दात काढले, तेव्हापासून माणूस नुसतं पातळ पीत होता.

सकाळी तिने साचे पातेल्यात ठेवले. पाणी हळूहळू तापवायचं, मग तासभर उकळायचं, मध्ये हात लावायचा नाही. उकळी फुटायला आली तशी ती दोन घास खायला वर गेली. खाली आली तर दादा पातेल्यावर वाकलेला. साचे फरशीवर. पातेल्यात दोरीला बांधलेला मोटारीचा थर्मोस्टॅट, इंजिन तापलं की उघडणारी झडप, डुंबत होता.

"उघडतोय का बघतोय," दादा म्हणाला. "मिस्त्रीने सांगितलं, उकळत्या पाण्यात सोडून बघा."

"माझे साचे?"

"ठेवलेत की नीट. टॉवेलवर."

"किती वेळ झाला?"

"दहा मिनिटं. फार तर वीस. अगं, परत टाक ना, त्यात काय!"

अर्धवट उकळलेला मसाला परत टाकून जुळत नाही; साचे गार झाल्यावर तिने उघडले. हिरड्यांना स्पंजासारखी भोकं पडली होती आणि दात हलत होते. माणसाचे दात हलणं समजण्यासारखं आहे. हे कवळीतले हलत होते.

"बघ, उघडला!" दादा मागून ओरडला. "थर्मोस्टॅट एकदम ठणठणीत! केवढा खर्च वाचला!"

बहिणीने कवळी टेबलावर ठेवली. "कोणाचा?"

"म्हणजे?"

"खर्च कोणाचा वाचला, दादा?"

"चिडू नकोस. भरून देतो. किती होतात एका कवळीचे?"

"त्या माणसाने पाच आठवडे एक घास चावला नाही. तो भर."

तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि न चुकवता सगळं सांगितलं. पलीकडून त्यांनी विचारलं, "कवळीच्या पातेल्यात? मोटारीचा पार्ट?"

"हो."

"सरांना तुम्हीच सांगा. उद्या नऊला परत माप घेते. हे शेवटचं. आणि त्या खोलीत मोटार असेल तर हेसुद्धा नको."

सरांना पाचपर्यंत धीर निघाला नाही, ते चारलाच दारात. तिने सांगितलं. सर जे बोलले त्यात शब्द कमी आणि वारा जास्त होता, पण रागाला दात लागत नाहीत. दादा त्यांना थर्मोस्टॅटचं कार्य समजावू लागला.

तेवढ्यात तिने शटर पूर्ण वर ढकललं, मोटारीचं दार उघडलं आणि हँडब्रेक सोडला.

फरशीला रस्त्याकडे उतार होता. मोटार हलली. "अगं ए! स्टिअरिंग कोण धरणार!" म्हणत दादाने आत उडी घेतली. इंजिन बंद, स्टिअरिंग जात्यासारखं जड. तो त्याला दोन्ही हातांनी लोंबकळला. मोटार हॉटेलमालकाच्या तोऱ्यात, जराही आवाज न करता बाहेर पडली आणि समोरच्या फुटपाथला टेकून थांबली. वरच्या गॅलरीतून वहिनीने टाळ्या वाजवल्या.

सर रस्ता ओलांडून गेले, मागचं दार उघडून आत बसले.

"सर, ती चालू होत नाही," दादा म्हणाला.

"ठाऊक आहे. दात मिळाले की उतरेन."

बहिणीने पातेलं रिकामं केलं. दोनदा घासलं, तिसऱ्यांदा घासलं. तेलाचा तवंग काही जाईना. या पातेल्यातली वस्तू आता कुठल्याच माणसाच्या तोंडात जाणार नव्हती. तिने ते उचललं आणि नेऊन बॉनेटवर आदळलं. दादा कळवळला.

"रंग गं! रंग!"

"हे तुझं. मला नवं आण. आजच. उद्या माप येणारे."

"सर बसलेत ना गाडीत. असा कसा जाऊ?"

"सर राखण करतील. तू पायी जा. दुकान दोन मैलांवर आहे, आठला बंद होतं."

दादाने मागे पाहिलं. सरांनी बोटाने रस्ता दाखवला.

मापासाठी जुनं पातेलं काखेत मारून दादा निघाला. तो वळणाआड जाईपर्यंत ती रस्त्यात उभी राहिली. मग खोलीत आली, टेबल ओढत ओढत मधोमध आणलं, आणि शौकिनांची तुटकी चाकं एकेक करून बाहेर फेकायला लागली.