मागील जूनपासून

इस्लामी संस्कृती हा दुय्यम विषय सांगलीच्या त्या कॉलेजात १९४९च्या जानेवारीत बंद झाला. पण तसं म्हणायचं नाही. विद्यापीठाचा हुकूम 'मागील जूनपासून' होता. म्हणजे विषय यंदा सुरूच झाला नव्हता, आणि जे सुरू झालं नाही ते बंद कसं होणार? प्राचार्यांनी हे बालेखान पटवेगार सरांना इतकं नीट समजावलं, की सरांना क्षणभर पटलंसुद्धा.

पटवेगार सर बारा वर्षं मिरजेहून सायकल हाणत येत आणि हा विषय शिकवत. फाळणीनंतर वर्गात एकच विद्यार्थी उरला: उंब्रजचा मानसिंग, पलटणीतून सुटून आलेला अठ्ठावीस वर्षांचा बाप्या. तरी सर दर तासाला हजेरीचं पुस्तक उघडून त्याचं नाव पुकारत, आणि तो दीड हातावरून उठून "हजर" म्हणे. एकदा तो आलाच नाही. तेव्हाही सरांनी नाव पुकारलं, थोडं थांबले, आणि गैरहजेरी मांडून तासभर बसून राहिले.

"हा विषय का घेतलास?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं.

"लढाईत दोन वर्सं बसऱ्याला काढली सर. म्हटलं, पेपर सोपा जाईल."

सोपा गेला नाही. गावात त्याला 'मौलवी' म्हणून चिडवू लागले, ते वेगळंच. पण दिवाळीनंतर तो असे प्रश्न विचारू लागला, की सरांना जुनी पुस्तकं पुन्हा उघडावी लागली. बारा वर्षांत हे प्रथमच घडत होतं.

"मानसिंगचं वर्ष वाचवायचंय ना?" प्राचार्य म्हणाले. "आम्ही त्याला अर्धमागधीत घेतलंय. जूनपासूनची हजेरीही भरली. आता एकच माणूस एकाच तासाला दोन वर्गांत कसा बसेल? तेव्हा तुम्ही लिहून द्या, की यंदा एकही तास घेतला नाही."

"मी त्रेसष्ट घेतले."

"तेच तर काढून टाकायचेत."

"आणि मी?"

"यंदा काहीच शिकवलं नाही म्हटल्यावर…" प्राचार्य खिडकीबाहेर बघू लागले. "ग्रंथालयात बघू काहीतरी."

व्हरांड्यात मानसिंग उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

"सही करू नगा सर. वरीस गेलं तर गेलं. लढाईत सहा गेली."

"पलटणीतून सुटलेल्यांना नोकरीसाठी वयाची सवलत यंदापुरतीच आहे. घरी काय सांगशील?"

"सांगतो, मास्तर कराचीला गेला."

सर हसले. मग हसायचे थांबले.

"मेला म्हण रे. मिरजेच्या मातीत पुरतील तरी."

"असं बोलू नगा सर."

"अर्धमागधी येते का तुला?"

"एक अक्षर न्हाई."

"मग लाग पाठ करायला. परीक्षा एप्रिलात आहे."

ते आत गेले आणि त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'लिहून देतो की, चालू वर्षी मी एकही तास घेतलेला नाही.' सही केली. प्राचार्यांनी लगबगीनं टीपकागद पुढं केला. सरांनी तो बाजूला सारला आणि सहीखाली तितक्याच शांतपणे आणखी एक ओळ लिहिली:

'सबब, जूनपासूनचे माझे त्रेसष्ट तास वापरात आलेले नसल्याने ते मला आहेत त्या स्थितीत परत मिळावेत, ही नम्र विनंती.'