किल्लीवाचून कललेला तराजू

मित्रांनो, अखेर मी बारामतीच्या एका कॉलेजात काचेच्या कपाटात पोचलो, तेही वाकडा होऊन. हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. मी अजून कळंबच्या लीलाबाईंच्या किराणा दुकानात आहे, छताच्या आकड्याला टांगलेला. मी एक जुना तराजू आहे.

माझी दांडी लोखंडी, पारडी पितळी. गूळ, शेंगदाणे, खोबरं, सगळं मी इमानाने तोललं. पण गिऱ्हाईक गुळाकडे पाहत नसे, माझ्या काट्याकडे पाहत असे. कुंडलिकतात्या तर उकिडवे बसून पाहत.

एकदा एका बोकडाने माझं डावं पारडं शिंगात अडकवून चावडीपर्यंत नेलं. पारडं परत आलं, त्याची कड आली नाही. मग लीलाबाईंच्या सासऱ्यांनी हाताला लागलं ते कापडात गुंडाळून त्या हलक्या पारड्याखाली बांधलं. याला पासंग म्हणतात. त्याच आठवड्यात घरातल्या लोखंडी पेटीची किल्ली हरवली. लीलाबाईंचा संशय कुंडलिकतात्यांवर. पुढे सासरे वारले आणि कापडात काय आहे हे मला एकट्याला माहीत राहिलं. मला कुणी विचारलं नाही.

इलेक्ट्रिक काटा आल्यावर मी फक्त वीज गेली की कामाचा. एके दिवशी बारामतीहून प्राची आणि शिवम हे विद्यार्थी आले. खेड्यातल्या दुकानांचा इतिहास लिहायला. लीलाबाईंना वाटलं, वजनमापवालेच वेश बदलून आलेत.

"मावशी, जुना काटा आहे का?" प्राचीने विचारलं.

"काटा कारखान्यावर असतोय. ऊस आणलाय का?"

"दुकानातला म्हणतेय मी."

"आमी नदरंनंच तोलतो."

खांबाला टेकलेले कुंडलिकतात्या म्हणाले, "वैनी, डोक्यावर लोंबतोय त्यो काय पाळणा हाय?"

झालं, मला उतरवलं. पारड्याखालचं गाठोडं पाहून तात्या खूश. "बघा पोरांनो, मापात मारायचं यंत्र."

"पासंग हाय त्यो. पारडं तुटकं हाय, म्हणून," लीलाबाई म्हणाल्या.

"मग सोडून दावा."

लीलाबाईंनी मला उचलून धरलं आणि गाठ सोडली. मी उजवीकडे कललो, म्हणजे लीलाबाई खऱ्या. कापडातून किल्ली पडली, म्हणजे तात्या चोर नव्हते. दोघांचाही संशय एकदम फिटला आणि दोघांनाही ते आवडलं नाही.

"तुमीच आणून बांधली आसंल," लीलाबाई म्हणाल्या.

पेटी उघडली. आत त्याच पेटीची दुसरी किल्ली होती. बाकी काही नव्हतं.

शिवमने माझ्यासाठी एक किल्ली मागितली. "आन् दुसरी हरवली तर?" असं म्हणून लीलाबाईंनी दोन्ही कमरेला खोचल्या. मला मात्र देऊन टाकलं.

तर मित्रांनो, मी कपाटात आहे. काल तात्या नातीला घेऊन आले. "बघ छकुले, रिकामा हाय तरी वाकडा. म्हणत न्हवतो?" पोर माझ्याकडे चोराकडे पाहावं तशी पाहत होती.

जुन्या वस्तू जपा, बाळांनो, आणि त्यांच्या पदराला बांधलेलं सोडू नका. तूर्त माझा अर्ज असा: माननीय लीलाबाई यांनी कमरेच्या दोन किल्ल्यांपैकी कोणतीही एक अर्जदाराच्या डाव्या पारड्याकडे कायमस्वरूपी वर्ग करावी. घटनेचा एकमेव साक्षीदार बोकड हयात नसल्याने साक्षीची अट शिथिल करण्यात यावी, ही विनंती.