पेंटरने पाटीला चांगलं म्हटलं

ऑपरेटरबाईंचा जन्म टेलिफोनच्या नोकरीत कानाला यंत्र लावून "बोला, कोण हवंय?" म्हणण्यात गेला. अशी बाई निवृत्त झाली म्हणून घरात तोंड मिटून बसेल होय? नाहीच बसल्या. कॉम्प्युटर शिकल्या, धडपडत स्वतःची वेबसाइट काढली आणि तिचं नाव ठेवलं 'काल काय आवडलं'. राजकारण नाही, उपदेश नाही आणि गुडघ्यांची रडगाणी तर मुळीच नाहीत. काल दिवसभरात जिवाला बरं वाटेल असं काय दिसलं, काय ऐकलं, तेवढंच तिथे लिहायचं.

लिहायला मजकूर यायचा तो साखळीतून. चार माणसं, चौघंही एकटी राहणारी. सकाळी चहा झाला की बाई टेलरला फोन करायच्या, टेलर पेंटरला, पेंटर सिस्टरला आणि सिस्टर परत बाईंना. प्रत्येकाने आपली कालची गंमत पुढच्याला सांगायची, आधीच्यांचीही पोचवायची. शेवटी सगळ्या गमती बाईंकडे जमल्या की त्या वेबसाइटवर चढवायच्या. कुठली कुठली माणसं ते वाचायची, खाली आपल्या गमती लिहायची. पण खरी मेख वेगळीच होती. कुणी फोन उचलला नाही, तर साखळी तिथेच थांबवायची. पुढे फोन करायचा नाही. बाईंना कळवायचं आणि तडक जाऊन त्याचं दार वाजवायचं. म्हणजे वेबसाइटवर चौघांच्या गमती आल्या, की चौघंही धडधाकट आहेत हे सगळ्यांना कळायचं.

टेलरला लोकांच्या कॉलरींचं वेड. रस्त्याने जाणाऱ्याची शिलाई बघून हा माणूस उलटा फिरून दहा पावलं त्याच्यामागे जायचा. सिस्टर म्हणजे हॉस्पिटलातून निवृत्त झालेली नर्स, समोरच्या गच्चीवरच्या मांजरीच्या संसारात आकंठ बुडालेली. आणि पेंटर म्हणजे बाईंचा सख्खा थोरला भाऊ. हयातभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि आता दुसऱ्यांच्या पाट्यांना नावं ठेवायची हाच त्याचा आनंद. "त्या औषधाच्या दुकानाची अक्षरं बघितलीस? पोट सुटलंय सगळ्यांचं!" ही त्याची गंमत. वाचणारे त्याच्यावरच जास्त खूश होते. वहिनी गेल्यापासून मात्र त्या कुरकुरीतली मजा गेली होती, नुसती कुरकुर उरली होती. बाईंचा जीव त्याच्यापायी सारखा टांगणीला. आपला दादा पुन्हा एकदा मनापासून हसावा, याहून जास्त त्यांना काही नको होतं.

मध्यंतरी एक फजिती झाली. पेंटरने फोन उचलला नाही, टेलरने नियमाप्रमाणे बोंब ठोकली आणि शेजाऱ्यांनी दाराची कडी तोडली. आत पेंटर अंगाला साबण लावून उभा! मग काय विचारता! तुटलेल्या कडीवरून त्याने टेलरला भर रस्त्यात असं काही धुतलं, की बिचारा आठवडाभर मान खाली घालून फिरत होता. "परत मला मेला समजलास ना, तर तुझीच टेप तुझ्या गळ्याला लावीन," असंही वर ऐकवलं.

म्हणून, जेव्हा पुन्हा एकदा पेंटरच्या घरी फोन नुसताच वाजत राहिला, तेव्हा टेलर कचरला. असेल अंघोळीला, म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा लावला. झोपला असेल. आणि मग त्या भल्या माणसाने केवढी मोठी चूक केली! सिस्टरला स्वतःच फोन लावला. पेंटरचा फोन बिघडलाय, वाटेत भेटला होता, त्याचा निरोप मीच सांगतो म्हणाला. निरोप तर हवा ना? तोही पदरचा जोडून दिला, की बेकरीची नवी पाटी फार देखणी झालीय, करणाऱ्याचा हात हातात घ्यावासा वाटला.

बाईंनी ते वेबसाइटवर चढवलं आणि डोळ्यांना पदर लावला. खाली लोकांनी नुसता धुमाकूळ घातला. "पेंटरने पाटीला चांगलं म्हटलं! आज काय खाल्लं तरी काय?" बाई दिवसभर ते वाचून हसत होत्या.

पेंटर तेव्हा न्हाणीघरात पडलेला होता. संध्याकाळी खालच्या बिऱ्हाडात पाणी गळायला लागलं तेव्हा लोक वर गेले. सकाळी आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे वळले.

टेलरने काही लपवलं नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः बाईंच्या दारात येऊन सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पुन्हा मला तोंड दाखवू नका." दार लावून घेतलं. त्या दिवसापासून साखळी बंद, वेबसाइट बंद. बाईंचा फोन वाजला तरी त्या उचलत नव्हत्या.

शेवटी एक दिवस सिस्टर येऊन ठाण मांडून बसली. "टेलरने दुकान उघडलं नाही," ती म्हणाली. "दार वाजवलं तर आतून नुसतं 'बरं आहे' म्हणतो. दारातला डबा तसाच पडलेला असतो. मी नर्स आहे बाई, माणूस कधी जगायचं सोडून देतो ते मला कळतं."

"मग मी काय करू? माझा भाऊ गेलाय!"

"माहितीये. टेलरला तुमचाच फोन हवाय. माझा चालणार नाही."

"मरू दे त्याला!" बाई ओरडल्या, आणि आपणच बोललेलं ऐकून मटकन खाली बसल्या. सिस्टर उठली. चहाचं आधण ठेवायला आत गेली.

बाईंनी फोन ओढला. पुष्कळ वेळ वाजला. मग उचलल्याचा आवाज आला, नंतर नुसता श्वास.

"टेलर?"

"बाई, मी..."

"गप्प बसा. आधी माझं ऐका." बाईंचा आवाज फुटला. "खोटं तुम्ही बोललात, पण ओळखायचं कुणी होतं? मी ना? दादाने जन्मात कधी कुठल्या पाटीला चांगलं म्हटलंय? आणि ती बेकरीची पाटी छापील आहे हो, छापील! मी स्वतः पाहिली होती. छापील पाटी दिसली की दादा रस्ता ओलांडून जायचा. आणि तो म्हणे करणाऱ्याचा हात हातात घेणार!"

पलीकडे टेलर हुंदके देत होता.

"माझा हात फोनकडे गेला होता, टेलर. दादाला विचारावं म्हटलं, हे काय नवीन? नाही लावला. म्हटलं, मी विचारीन आणि हा परत कुरकुरायला लागेल. एक दिवस तरी खुशीत राहू दे. मला ते खरं असायला हवं होतं, म्हणून मी ते खरं मानलं. आणि माझा दादा तिकडे फरशीवर..."

पुढे बोलवेना. दोघंही फोन कानाला धरून रडत राहिले. सिस्टर चहा घेऊन आली, कप खाली ठेवून घाईने चपला घालायला लागली. साखळी पुन्हा सुरू होणार हे तिने ओळखलं होतं, आणि तिचा फोन तिच्या घरी होता.

ती गेल्यावर बाईंनी नाक पुसलं. "दारातला डबा आत घ्या," त्या म्हणाल्या. "खा. आणि काल काय आवडलं ते सांगा."

"काही नाही हो, बाई. काहीच नाही."

"मग तसंच लिहीन. काही नाही म्हणून. पण तुमच्याच तोंडचं लिहीन. सिस्टर घरी पोचली की पुढचा फोन करा."

टेलर अगदी बारीक आवाजात म्हणाला, "पुढचा म्हणजे... बाई, माझ्यापुढे पेंटर."

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"आता थेट सिस्टरलाच लावायचा," त्या म्हणाल्या.