कणखर पेशींची खुर्ची

चातुर्मासात मी दरवर्षी एक नेम धरते. २०१७ साली धरला तो असा, की कुणालाही तोंडावर ‘नाही’ म्हणायचं नाही. आदल्या वर्षी वांगी सोडली होती. ते फार सोपं गेलं.

तलासरीत हायवेलगतच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी एक्स-रे काढते. एक्स-रेच्या खोलीच्या दाराला आतून शिशाचा पत्रा असतो, किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून. आमचा पत्रा बिजागरीकडून फाटून खाली सरकला होता आणि बाहेर नेमकी तिथेच जमनाची खुर्ची होती. जमना आमची आया, सायवनची. तिथे बसून ती पेशंटची नावं पुकारायची. तिला चौथा महिना लागला होता.

“ताई, दरवाज्यातून मला काही लागतं का हो?” तिने एकदा विचारलं.

मी एक कोरी कॅसेट, म्हणजे एक्स-रे ज्यावर उमटतो ती पाटी, तिच्या खुर्चीच्या पाठीला बांधली आणि तिची सेफ्टी पिन वर चिकटवली. संध्याकाळी बघते तो कॅसेटवर पिन उमटलेली. फिकट, पण टोकासकट.

ते चित्र घेऊन मी डॉक्टरसाहेबांकडे गेले. साहेब नुकतेच कुठल्याशा परिषदेहून आले होते.

“वा, किती फिकट आहे बघा,” ते म्हणाले. “हाच तो लहान डोस. निर्मलाताई, पेशींना आधी थोडा मार बसला ना, की त्या दुरुस्तीचं सामान काढून तयार बसतात. मग मोठा मार आला तरी तुटतात कमी. प्रयोगशाळेत दिसलंय हे. तुमच्या उपासासारखंच. उपासाने तुम्ही कणखर झालात की नाही?”

“झाले, साहेब.”

“मग? दार बदलायचं म्हणजे आठवडाभर एक्स-रे बंद. पेशंट काय वापीला पाठवायचे?”

“सगळ्यांच्याच पेशी असं करतात का, साहेब?”

“काहींच्या करत नाहीत. आणि असर फार दिवस टिकतही नाही. म्हणून तर रोज थोडं थोडं.”

“आणि पोटातल्या बाळाच्या?”

“त्याचा अजून नीट अभ्यास व्हायचाय.”

“तो जमना करतेय तर.”

“तसंच समजा,” साहेब हसले. “तिचं पोर बघा कसं निघतं ते.”

स्वतः साहेब मात्र मशीन सुरू झालं की जिन्यापलीकडे जाऊन उभे राहत. त्यांच्या पेशी बहुधा आधीच कणखर झाल्या असाव्यात.

मी जमनाला म्हटलं, “खुर्ची खिडकीकडे घे.” तिने घेतली. दुपारी साहेबांनी ती परत दाराशी आणायला लावली. खिडकीकडून ओपीडीची रांग दिसत नाही म्हणे.

“आता काय करू, ताई?” जमना म्हणाली. “नोकरी सोडू?”

या प्रश्नाला मला हो म्हणवेना, आणि नाही म्हणायची तर सोय नव्हती.

त्याच आठवड्यात साहेबांची लेक भाविनी बाळंतपणासाठी माहेरी आली. सातवा महिना. शुक्रवारी ती तपासून घ्यायला हॉस्पिटलात आली. मी जमनाला चहाला पाठवलं, मशीनचा मेन स्विच पाडला, किल्ली कमरेला खोचली आणि बाहेर आले.

“या भाविनीबेन, इथे बसा. ही फार गुणाची खुर्ची आहे.”

“गुणाची म्हणजे?”

“इथे दारातून थोडे थोडे किरण येतात. त्याने बाळाच्या पेशी कणखर होतात. साहेबांनीच सांगितलंय. जमना रोज आठ तास बसते, तुम्ही निदान अर्धा तास बसा.”

भाविनी भाबडी. बसली. वडिलांना तिथूनच हाक मारली, “पप्पा, हे चालेल ना? की अजून जवळ सरकू?”

साहेब केबिनमधून बाहेर आले. त्यांचा चेहरा मी दहा वर्षं बघतेय, पण असा पाहिला नव्हता.

“ऊठ,” ते म्हणाले. “आधी तिथून ऊठ.”

“पण निर्मलाबेन म्हणतात, तुम्हीच…”

“ऊठ म्हणतो ना.”

तिला केबिनमध्ये बसवून ते परत आले. आवाज खाली आणून म्हणाले, “ती बसलेली असताना किती एक्स-रे निघाले?”

“एकही नाही, साहेब. मेन स्विच पाडलाय. किल्ली ही बघा.” नेम मोडला, पण बाकीचा चातुर्मास मी एक वेळ जेवून ते फेडलं.

साहेबांनी मोठा श्वास सोडला. ते समोरच्या खुर्चीवर मटकन बसले. मग ती कुठली खुर्ची ते ध्यानात आलं, आणि स्विच बंद असूनही ते ताडकन उठले.

इतक्यात जमना चहा पिऊन आली. सवयीने त्याच खुर्चीकडे वळली. साहेब खुर्चीकडे बघत राहिले, मग तिच्या पोटाकडे.

“ती खिडकीकडे ने,” ते म्हणाले. “रांगेचं मी बघतो.”

सोमवारी दाराचा मिस्त्री आला. आठवडाभर आमचे पेशंट वापीला गेले.