ओचोलाचा पिवळा कॅन

मी दहा लिटरचा पिवळा कॅन बोलतोय. आधी माझ्या पोटात खायचं तेल होतं. ते संपल्यावर व्हिक्टोरिया सरोवरातल्या एका बेटावर, अवोरच्या घरी मी पाणी भरायला लागलो.

अवोर किनाऱ्यावर जाळी अंथरून ओमेना वाळवायची, बोटाएवढी चंदेरी मासळी. तिचा नवरा ओदोयो थोरल्या भावाच्या बोटीवर कामाला होता. त्या थोरल्याचं नाव ओबुया. दोन बोटी त्याच्या, म्हणून किनाऱ्यावर शब्दही त्याचाच. पोहता मात्र त्याला येत नव्हतं. त्यालाच काय, ओदोयोलाही नाही, बोटीवरच्या कुणालाच नाही.

अवोरला येत होतं. ती नदीकाठच्या गावातली. मुलगा ओचोला चार वर्षांचा झाला, तशी ती त्याला उथळ पाण्यात घेऊन गेली. माझं बूच तिने दातांनी आवळलं आणि मला त्याच्या छातीखाली दिलं. पहिल्या दिवशी तो माझ्या मुठीला असा चिकटला, की त्याची बोटं सोडवायला दोन बायका लागल्या. तिसऱ्या दिवशी तो पाय मारत हसत होता.

चौथ्या दिवशी ओबुया आला. दुधाचे दात पडून नवे येईपर्यंत मुलाला पाण्यात घालायचं नाही, असं त्याने सगळ्यांसमोर बजावलं. लहानपणी शिकलेलं पोर पाण्याला भीत नाही, आणि न भिणारंच बुडतं, हे त्याचं म्हणणं. ओदोयोने मान खाली घातली. ओबुया जाताना मला उचलून घेऊन गेला, इंजिनाचं पेट्रोल ठेवायला.

दोन महिन्यांनी ओचोला बापाची भाकर द्यायला एका जाणाऱ्या होडक्यातून बोटीवर चढला. बोट नांगरलेली होती, किनाऱ्यापासून वीस पावलांवर, पुरुषभर खोल पाण्यात. एक लाट आली, बोट कलली, आणि तो पाण्यात गेला.

बोटीवर सहा माणसं होती. कुणी बांबू शोधला, कुणी नुसतंच ओरडलं. ओदोयोने मला उचललं, फेकायला हात मागे नेला. ओबुयाने त्याचं मनगट धरलं आणि काठापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला.

"पेट्रोल आहे त्यात. दगडासारखा जाईल खाली."

ओदोयोने मला खाली ठेवलं. वाळवणाची जाळी तिथेच सोडून अवोर धावत आली, पोहत आली, तिने मुलाला वर काढलं. उशीर झाला होता.

मला तोंड असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. अवोरला खरं कळायला वर्ष गेलं. एका सकाळी इंजिनाजवळून मी घसरलो आणि काठोकाठ भरलेला पाण्यात पडलो. बुडालो नाही. पेट्रोल पाण्याहून हलकं असतं. मूठ वर काढून मी डुलत राहिलो.

अवोर किनाऱ्यावर उभी होती. हातातली ओमेना तिने पाटीत ठेवली. पाण्यात उतरून तिने मला ओढून आणलं, ओबुयासमोर उभी राहिली आणि बूच काढून सगळं पेट्रोल वाळूत ओतलं. त्यानेही मला तरंगताना पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने बेटावरची पोरं गोळा केली. चार वर्षांची, पाच वर्षांची. आधी पाण्यात तोंड घालून बुडबुडे, मग मला धरून पाय, मग माझ्याशिवाय. ओबुयाची लेक अपोंडी पाच वर्षांची. तीही आली. अवोरने तिला तोंड उघडायला लावलं.

"दात पडले नाहीत गं अजून. तुझ्या बापाचा नियम आहे. बस काठावर."

पोर रोज काठावर बसायची. तिच्याकडे बघताना माझ्या मुठीवरची अवोरची पकड घट्ट व्हायची. पण तिने बोलावलं नाही.

पावसाळ्यात वाऱ्याने एक बोट उलटली. त्यातली अवोरने शिकवलेली दोन पोरं स्वतःच्या पायांनी पाणी मारत काठाला लागली. त्याच संध्याकाळी ओबुया अपोंडीचा हात धरून आला. हिलाही शिकव, म्हणाला.

"शिकवते. आधी तुम्ही उतरा, भाऊजी."

मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका बघत होत्या. तो मला कवटाळून छातीभर पाण्यात गेला. अवोरने पाय उचलायला सांगितले. त्याने उचलले, आणि तिने मला त्याच्या हातातून काढून घेतलं.

तो खाली गेला, वर आला, पाणी प्याला, भावाला हाका मारू लागला. ओदोयो काठावरून हलला नाही. अवोर मला काखेत धरून बघत राहिली. मीही बघत होतो, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

मग ती म्हणाली, "उभे राहा. पाणी छातीइतकंच आहे. माझ्या पोराला पाय टेकायला जागा नव्हती."

दुसऱ्या सकाळी तिने अपोंडीला पाण्यात घेतलं. पोर पंधरा दिवसांत पोहली.

आता माझा रंग उडालाय, बुडाला गरम सुरीने लावलेलं ठिगळ आहे. तुमच्या घरी चार वर्षांचं मूल असेल, तर त्याला पाण्याजवळ न्या, तुम्हीही आत उतरा, आणि नजर हलवू नका. दातांची वाट बघू नका.

ओबुयाने माफी मागायला माणूस पाठवला होता. किनाऱ्यासमोर पाण्यात एक काळा खडक आहे. अवोरने निरोप दिला, "मी तिथे बसते. पोहत या, मग ऐकते."

म्हणून पोरं घरी गेली की ओबुया मला घेऊन पाण्यात उतरतो. पन्नाशी उलटलेले पाय जड असतात, भीती तर त्याहून जड. दहा हात जातो आणि परततो. खडक अजून फार लांब आहे.

अवोर तिथे पाय सोडून बसलेली असते. तिला घाई नाही. मलाही नाही.