सिस्टरचे मिस्टर

त्या घराचं पुढचं दार म्हणजे दुकानाचं शटर. शटर वर गेलं की घराचं दुकान व्हायचं, खाली आलं की दुकानाचं घर. पुढच्या खोलीत सासूबाईंच्या मुलाचं पायानं चालवायचं शिलाई मशीन, कापड बेतायचं लांब टेबल, त्याला टेकून ठेवलेला मापाचा लाकडी गज आणि उचलताना मनगट वाकेल अशी जड इस्त्री. मागच्या खोलीत स्वयंपाक, अंथरुणं आणि तिघांचा संसार. सासूबाईंची बसायची जागा या दोन खोल्यांच्या मधोमध, उंबऱ्याला लागून. उजेड तिथे बरा यायचा. मांडीवर शर्ट घेऊन त्या काजं करायच्या, बटणं लावायच्या आणि पुढचं-मागचं सगळं ऐकायच्या.

"आई, माझं घड्याळ पाहिलंत कुठे?" सून केस विंचरता विंचरता विचारत होती.

"पाहिलं की. तुझ्या हातात आहे. आता हात कुठाय ते विचार."

सून हसली. हसली की दोन्ही खांदे वर उडायचे तिचे, म्हणून रुग्णालयात तिला सगळे चिमणी सिस्टर म्हणत. वस्तीच्या वर्गणीतून उभं राहिलेलं ते छोटं रुग्णालय. तिथे ती लहान मुलांच्या वॉर्डात होती. सुई टोचताना ती मुलांना कानात गाऊन सांगायची,

मुंगी आली, चावून गेली,
दुखणं पाठीवर घेऊन गेली.

पोरं रडायची विसरून मुंगी शोधत बसायची.

"गाणी पुरेत," टेबलापाशी खडूनं रेघा मारत मुलगा म्हणाला. अख्खी गल्ली त्याला मास्तर म्हणायची. "आज वेळेवर ये. का पुन्हा दुसऱ्यांची पोरं जोजवत बसणार आहेस?"

"येते हो," सून म्हणाली. तिचा आवाज चिमणीचा राहिला नव्हता.

मास्तर काही दारुडा नव्हता. बोलायला मऊ, गिऱ्हाइकाला खुर्ची पुसून देणारा. पण तयार कपड्यांची दुकानं आली आणि नवा शर्ट शिवणारा माणूस विजारी आखूड करण्यावर आला. घर सुनेच्या पगारावर चालू लागलं. तेही त्यानं गिळलं असतं. त्याला गिळता येत नव्हतं ते तिचं कौतुक.

पहिल्यांदा कुणा पोराच्या बापानं रस्त्यात थांबवून सांगितलं, "मास्तर, तुमच्या घरात देवमाणूस आहे." मास्तर गोड हसला. घरी आला, शटर ओढलं आणि म्हणाला, "आई, मशीन."

एवढंच म्हणायचा तो. सासूबाई उठायच्या, मशीनवर बसायच्या आणि पाय मारायच्या. सुईत दोरा नसायचा, सुईखाली कापड नसायचं. मशीन नुसतं खडखडायचं आणि त्या खडखडाटाखाली मागच्या खोलीतला आवाज झाकला जायचा. शेजारचा न्हावी गिऱ्हाइकाला सांगायचा, "मास्तरांकडे कामाला तोटा नाही बघा!"

हे मशीन सासूबाईंना नवं नव्हतं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यावर त्यांची सासू बसायची आणि मागच्या खोलीत त्या असायच्या. सासरा गेला, सासू गेली, नवरा गेला, मशीन राहिलं. सासूची जागा सुनेनं घ्यायची, या घराची रीतच होती ती.

मग रुग्णालयात कौतुकबाई आल्या. त्यांचा हुद्दा कर्मचारी कल्याणाचा, पण पहिल्याच आठवड्यात कर्मचाऱ्यांनी त्यांचं बारसं करून टाकलं. बाई मनाच्या निर्मळ. झाडूवाल्याला हाक मारून शाबासकी द्यायच्या, वाढदिवस लक्षात ठेवायच्या. त्यांनी दर्शनी भिंतीवर महिन्याच्या मानकऱ्याचा फोटो लावायचं ठरवलं आणि पहिला फोटो लागला चिमणी सिस्टरचा.

त्या दिवशी मशीन इतका वेळ चाललं की सासूबाईंच्या पोटरीत गोळे आले.

चार दिवसांनी सून डबा विसरली म्हणून सासूबाई तो घेऊन रुग्णालयात गेल्या, तेव्हा सून कौतुकबाईंच्या टेबलापुढे उभी होती. उभं राहायचं कारण सासूबाईंना माहीत होतं; तिला बसवत नव्हतं.

"मॅडम, तो फोटो काढा ना. आणि पुढे माझं नाव कशातच नको."

"अगं, असं काय!"

"मला नाही आवडत."

"बघा काकू, किती साधी आहे तुमची सून!" कौतुकबाई सासूबाईंकडे वळून म्हणाल्या. "अशाच माणसांचं कौतुक व्हायला हवं." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. सासूबाईंनी डबा टेबलावर ठेवला. आत्ता बोलावं, असं वाटलं त्यांना. पण जीभ टाळ्याला चिकटली होती, आणि ती चिकटण्याची सवय फार जुनी होती.

सुनेच्या नको म्हणण्यातून कौतुकबाईंना एक कल्पना सुचली. वार्षिक समारंभात मानकऱ्यांना बिल्ले लावायचे ते घरच्यांच्या हस्ते. घरचे पाठीशी उभे राहतात म्हणून तर या बायका काम करतात! एके दुपारी त्या स्वतः दुकानात आल्या, मास्तरनं पुसून दिलेल्या खुर्चीवर बसल्या, सगळीकडे कौतुकानं पाहिलं. "मास्तर, सत्कार खरा तुमचाच आहे. तुम्ही परवानगी दिलीत म्हणून ती एवढं करू शकते."

मास्तर फुलला. स्वतःच्या मापाचा कोट बेतला. किती वर्षांनी त्या टेबलावर नवं कापड पसरलं होतं. सासूबाईंनी बटणं लावली आणि मनात म्हटलं, दोघांचं एकत्र कौतुक झालं तर निवेल कदाचित हा. माणूस आशेनं काय काय शिवत बसतो.

समारंभ सकाळी रुग्णालयाच्या अंगणात होता. पहिली रांग घरच्यांसाठी. खुर्च्यांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या आणि नावांपेक्षा गंमत बरी म्हणून कौतुकबाईंनी त्यावर शब्द खेळवले होते. मास्तरच्या खुर्चीवर रंगीत अक्षरांत लिहिलं होतं, 'सिस्टरचे मिस्टर'.

"या या, सिस्टरचे मिस्टर!" औषधं देणारा हात जोडून म्हणाला आणि मागच्या रांगा खळाळून हसल्या.

"कोट झकास आहे हो मिस्टर! सिस्टरनी घेऊन दिला का?"

पुन्हा हशा. कुणाच्याही मनात काळंबेरं नव्हतं. मास्तरही हसत होता. पण सासूबाईंना त्याच्या कानाच्या पाळ्या दिसल्या, लालभडक. त्याच्या बापाच्याही अशाच व्हायच्या.

चिमणी सिस्टरचं नाव पुकारलं तशा टाळ्यांनी अंगण दणाणलं. कुणा बऱ्या झालेल्या पोरानं मुंगीचं गाणं ओरडून म्हटलं. मास्तर मंचावर गेला. बिल्ला पितळेचा होता, मागे जाड पिन. ती कापडातून कशी काढावी हे शिंप्याला कुणी शिकवायचं? त्यानं बिल्ला पांढऱ्या युनिफॉर्मवर ठेवला, अंगठ्यानं दाबला आणि दाबतच राहिला.

सुनेचे खांदे वर उडाले. लोकांना वाटलं, ती हसली.

"इकडे बघा दोघं!" फोटोवाला म्हणाला. दोघांनी बघितलं. बिल्ल्याच्या खाली एक लाल ठिपका उगवला, आधी मोहरीएवढा, मग बटणाएवढा. पहिल्या रांगेतून सासूबाईंना तो दिसत होता. शेजारी बसलेल्या कौतुकबाईंनाही दिसायला हवा होता. पण त्या टाळ्या वाजवत होत्या, आणि डोळे भरून आले की समोरचं धूसर दिसतं.

समारंभ आटोपून तिघं घरी आली. भर दुपार होती, गल्ली जागी होती. मास्तरनं शटर खाली ओढलं, कोट काढून खुंटीला लावला, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा अंगात घातला. इस्त्रीची पिन भिंतीवरच्या प्लगात खोचली.

"आई, मशीन."

सासूबाई मशीनवर बसल्या. पाय पायट्यावर ठेवला.

"अहो, मी नको म्हटलं होतं त्यांना," सून भिंतीला टेकून म्हणाली. "आईंच्या देखत म्हटलं होतं."

"सिस्टरचा मिस्टर! मला नाव नाही? माझ्या बापानं ठेवलेलं नाव नाही मला?"

गज उचलला गेला. पहिला वार खांद्यावर बसला, दुसरा पाठीवर. तिसरा तिनं मनगटावर घेतला आणि सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. ती ओरडली.

ती ओरड मोकळीच गेली. तिच्यावर कशाचंच पांघरूण पडलं नाही. मास्तरनं वळून पाहिलं. आई मशीनवर बसलेली, हात मांडीवर, पाय निश्चल.

"पाय मार!"

"नाही."

हा शब्द या घरात कुणी बाईनं उच्चारला नव्हता. उच्चारणारीलाच तो परका वाटला.

"पाय मार म्हटलं ना!" त्यानं गज आईवर उगारला आणि मारलाही, गुडघ्यावर. सासूबाईंच्या डोळ्यांपुढे अंधार झाला. आपण ज्याला तेल लावून लावून या हातांनी ताठ केलं, तोच हा हात. त्याचं वजन त्यांना आज पहिल्यांदा कळलं. सुनेला मात्र ते रोज कळत होतं.

तोवर त्यानं सुनेला केसांना धरून टेबलापाशी ओढलं. मोडलेलं मनगट टेबलावर दाबून धरलं. "याच हाताचं कौतुक ना? याच हातानं थोपटून गाणी म्हणतेस ना त्यांच्या पोरांना?" आणि दुसऱ्या हातानं इस्त्री उचलली.

सासूबाई उठल्या नाहीत, पडल्याच पुढे. त्याच्या कोटाला लोंबकळल्या. शिवण टरकली. त्यानं कोपर मारून त्यांना झटकलं, टेबलाची कड कपाळात घुसली, आणि त्याच वेळी खोलीत कातडी जळाल्याचा वास पसरला. सुनेचा आवाज माणसाचा राहिला नाही.

रक्त डोळ्यात उतरत होतं. सासूबाई चाचपडत शटरपाशी गेल्या. खालच्या कडीत बोटं घातली आणि सगळ्या हयातीत जेवढी ताकद खर्चली नव्हती तेवढी लावून ते वर ढकललं.

दुपारचं ऊन आत शिरलं. बाहेर न्हावी उभा होता हातात वस्तरा घेऊन, अर्धी दाढी झालेलं त्याचं गिऱ्हाईक, भाजीवाली, दोन रिक्षावाले. सगळे आधीपासूनच तिथे उभे होते. कान देऊन, पण जागचे न हलता.

"बघा," सासूबाई म्हणाल्या. "नीट बघा."

न्हाव्यानं आधी मान खाली घातली. मग वस्तरा गिऱ्हाइकाच्या हातात देऊन तो आत शिरला आणि मास्तरच्या हातातली इस्त्री काढून घेतली.

रुग्णालयाच्या अंगणात मंडप अजून तसाच होता. चिमणी सिस्टर स्ट्रेचरवरून आत आली, फाटक्या युनिफॉर्मवर बिल्ला लटकत होता. मास्तरही आला. न येऊन कसं चालेल? चार लोकांत नवरा म्हणून तोच पुढे होता.

"जिन्यावरून पडली," तो डॉक्टरांना सांगत होता. "चक्कर आली. सकाळपासून उपाशी होती. आईपण तिला धरायला गेली आणि पडली."

डॉक्टर तरुण होता. त्यानं हाताचा भाजलेला तळवा पाहिला, मग मास्तरकडे पाहिलं. कौतुकबाई धावत आल्या होत्या. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"मास्तर," त्या पुटपुटल्या, "मी आले होते तुमच्या घरी. तुमच्या घराला जिना कुठे आहे?"

"म्हणजे स्टुलावरून. आई, सांग ना यांना. सांग, पडली म्हणून." त्याचा आवाज पुन्हा मऊ झाला. लहानपणी काही सांडलं की असाच यायचा तो. "आई, तुला माझ्याशिवाय कोण आहे?"

कपाळाला टाके घालणारी नर्स थांबली. सासूबाईंनी मुलाकडे बघितलं. कोटाची खांद्यावरची टीप उसवली होती. त्यांची बोटं सवयीनं शिवशिवली. त्यांनी मूठ मिटली.

"पडत आले ती मी," त्या म्हणाल्या. "माझा नवरा असताना मी विहिरीपाशी पडले, मोरीत पडले, उंबऱ्यावर पडले. ती पडलेली नाही. माझ्या मुलानं तिला मारलंय. आजच नाही, कितीतरी दिवसांपासून. मी मशीन चालवून आवाज झाकत होते. लिहा डॉक्टर. पोलिसांना बोलवा. मी काय केलं तेही लिहा, गाळू नका."

मास्तर एकदम आईच्या अंगावर धावला. न्हाव्यानं आणि औषधं देणाऱ्यानं त्याला धरलं, भिंतीशी दाबलं. तो शिव्या देत होता. पोलीस येऊन त्याला घेऊन जाईपर्यंत देत होता. सासूबाईंनी त्यातली प्रत्येक शिवी ऐकून घेतली. सगळ्या ओळखीच्या होत्या, त्याच्या बापाच्या तोंडच्या.

कौतुकबाई बाकावर बसून रडू लागल्या. "आम्हाला कळलंच नाही हो. एवढी हसरी मुलगी..."

मोठ्या सिस्टर सुनेच्या हाताला पट्टी बांधत होत्या. तीस वर्षं या वॉर्डांतून फिरलेली बाई. त्यांनी मान वर केली नाही.

"कळलं होतं," त्या म्हणाल्या. "ती महिनोन्‌महिने उभ्यानं जेवत होती, मी बघत होते. पाठीवर वळ दिसले होते मला. परकं पोर असतं तर तपासून पोलिसांत कळवलं असतं. आपलंच माणूस म्हणून विचारलं नाही. घरातली गोष्ट म्हटलं." मग त्यांनी गाठ मारली. "तुमचं कौतुक नंतर करा, बाई. आधी आपण विचारायला शिकू."

सुनेनं डोळे उघडले. ओठ फुटलेले होते. "आई," ती म्हणाली, "तुमच्या कपाळाला..."

"गप्प बस. माझं बघायला डॉक्टर आहेत." सासूबाईंनी तिच्या चांगल्या हातावर हात ठेवला. माफी मागावी असं वाटत होतं, पण आज ती मागणं म्हणजे तिच्यावर आणखी एक ओझं टाकणं. त्या नुसत्या बसून राहिल्या, तिला झोप लागेपर्यंत आणि त्यानंतरही.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलायच्या वेळेला मोठ्या सिस्टरनी सगळ्या बायकांना ड्यूटीच्या खोलीत बोलावलं. नर्सा, आया, झाडूवाल्या, हिशेब बघणाऱ्या. सासूबाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. दार अर्धं उघडं होतं.

"घरी कसं आहे?" मोठ्या सिस्टरनी विचारलं. "ठीक आहे, असं म्हणू नका. मला घाई नाही, मी थांबते."

पंखा फिरत होता. कुणीतरी खोकलं. मोठ्या सिस्टर थांबल्या.

मग मागून एका आयाचा हात वर गेला, खांद्यापर्यंतच, दुखत असल्यासारखा. तिच्या पुढे उभ्या असलेल्या नर्सनं वळून तिच्याकडे पाहिलं आणि हळूच आपलाही हात वर केला. त्यानंतर आणखी एक. आणि आणखी.

मोठ्या सिस्टर दारापाशी आल्या. बाहेर बसलेल्या सासूबाईंना म्हणाल्या, "तुम्हीही आत या." मग व्हरांड्यात बघून त्यांनी हाक मारली, "अरे, कुणीतरी खुर्च्या आणा. जास्त आणा."