पुढची सीट

नेलिदाने किल्ली फिरवली. नुसतं खट्‌ झालं आणि गाडी गप्प राहिली. तिने पुन्हा फिरवली. या वेळी खट्‌सुद्धा झालं नाही.

"रेडिओ लावला होतास?" समोर बघतच तिने विचारलं.

"तूच म्हणालीस ना, कंटाळा आला तर लाव म्हणून," शेजारच्या सीटवरून आई म्हणाली. "आपल्याकडची गाणी लागली होती. छान होती गं."

आई, फोर्तुनाता, सकाळच्या बसने डोंगरातल्या पुनोहून अरेकिपा शहरात उतरली होती. एकावर एक चढवलेले घेरदार झगे, पाठीवर दोन लांब वेण्या, डोक्यावर गोल टोपी. आणि आजच मुख्याध्यापिका ग्रासिएलाबाईंच्या नातीच्या बाप्तिस्म्याचं जेवण होतं. नेलिदाला त्यांच्या शाळेत नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. पाच मिनिटांत भेटून येते, असं सांगून तिने गाडी फाटकापासून लांब, भिंतीच्या सावलीत लावली होती. आत गेल्यावर त्यांनी तिला बसवून घेतलं, भरलेल्या मिरच्या वाढल्या, केक कापेपर्यंत उठू दिलं नाही. उठू दिलं नाही, हेही तितकंसं खरं नव्हतं.

सावली केव्हाच सरकली होती. आईचे गाल उन्हाने तापून लाल झाले होते.

"मी कुणाला तरी बोलावून आणू?"

"नको. तू हलू नकोस."

पण पाहुण्यांना निरोप द्यायला फाटकात आलेल्या ग्रासिएलाबाईंच्या जावयाने पाहिलंच.

"काय बाई, घोडं अडलं वाटतं?" रोदोल्फो हसत जवळ आला. "बॅटरी उतरलीय. चला रे, धक्का मारू!"

चार-पाच जण बाह्या सरसावत आले. त्यांच्यामागून ग्रासिएलाबाईही आल्या आणि खिडकीशी वाकल्या.

"अगंबाई! आणि ह्या कोण?"

नेलिदाने तोंड उघडलं. 'माझी' एवढं जरी निघालं असतं, तरी पुढचं आपोआप आलं असतं. तिचा हात किल्लीवरच राहिला.

"मी कामाला असते बाईंकडे," आई म्हणाली. "बाजारापर्यंत सोडणार होत्या मला."

"मग आत का नाही आणलंस हिला? एवढ्या उन्हात! स्वयंपाकघरात बसली असती, दोन घास खाल्ले असते." ग्रासिएलाबाईंनी नेलिदाच्या खांद्यावर थोपटलं. "पण कामवालीला पुढे शेजारी बसवतेस, हं! मनाची मोठी आहेस."

आई तोवर खाली उतरली होती.

"तुम्ही बसा, बाई. मी ढकलते."

"अहो, तुम्ही राहू द्या," रोदोल्फो म्हणाला.

"सवय आहे मला."

नेलिदाने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, क्लच दाबून धरला. आरशात पांढरे शर्ट दिसत होते आणि त्यांच्यामध्ये खाली वाकलेली गोल टोपी. गाडी हलली. दगडी रस्त्यावर हळूहळू वेग आला.

"सोडा आता!" रोदोल्फो ओरडला.

तिने क्लच सोडला. गाडीने गचका दिला, दोनदा खोकली आणि चालू झाली. मागे टाळ्या पडल्या.

आई धापा टाकत, एका हाताने टोपी सांभाळत पळत आली. नेलिदाने वाकून पुढचं दार उघडून धरलं. आईने ते बाहेरून नीट लावलं, मागचं दार उघडलं आणि मागे बसली. ग्रासिएलाबाई फाटकातून हात हलवत होत्या.

कोपरा वळल्यावर नेलिदा म्हणाली, "आता पुढे ये ना."

आई तळव्यांची धूळ झग्याला पुसत होती, सावकाश, एकेक बोट.

आणखी दोन गल्ल्या गेल्या. नेलिदाने मनगटाने नाक पुसलं.

"आई, गाडी थांबवते मी. पुढे ये."

तिने ब्रेकवर पाय ठेवला.

"थांबवू नका, बाई," आई म्हणाली. "पुन्हा बंद पडेल."